अकरा वाजता चार ठोके

घड्याळजींचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि त्याची त्यांना मुळीच लाज वाटत नसे. आज मंगळवार आहे असं कुणी सांगितलं तरी ते भिंगाआडून मान वर करून विचारत, "कशावरून?" गल्लीतली पोरं पाठीमागे त्यांना कशावरूनकाका म्हणत. डॉक्टरांनी ताप नाही म्हटलं की हे थर्मामीटर हातात घेऊन उजेडात धरत. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तरी बायकोने दिलेल्या चहाचा पहिला घोट ते साखर तपासण्यासाठीच घेत.

"घड्याळ घेऊन येणारा प्रत्येक माणूस छातीठोकपणे सांगतो, पडलेलं नाही म्हणून," ते म्हणायचे. "तीस वर्षं हेच ऐकतोय. झाकण उघडलं की आत पडल्याची खूण असतेच."

साथ आली, दुकानाला कुलूप लागलं आणि घड्याळजींचं टेबल घरी, बाहेरच्या खोलीतल्या खिडकीशी आलं. आतल्या खोलीत त्यांच्या मुलीचं कॉलेज आलं. पहिले दोन-तीन महिने ती खरोखरच्या वर्गात जाऊन बसली होती. आता दार लावून घ्यायची आणि फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून तास ऐकायची. विषय होता भूगर्भशास्त्र. दगड शिकायला कॉलेज कशाला लागतं, हे घड्याळजींना पहिल्यापासूनच पटलेलं नव्हतं.

त्यातून त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर हल्ली धुकं यायला लागलं होतं. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरायची तर हात तयार असे, पण डोळा दगा देई. मुलीचा हात त्यांच्यासारखाच स्थिर होता. बारा वर्षांची असताना तिने एक जनाना घड्याळ खोलून पुन्हा जसंच्या तसं जोडलं होतं. तिने टेबलापाशी बसावं, असं त्यांच्या मनात होतं. दुसऱ्या वर्षाच्या फॉर्मवर पालकाची सही हवी होती आणि शेवटची तारीख शनिवार होती. फॉर्म आठवडाभर टेबलावर पडून होता. रोज सकाळी मुलगी त्याच्याकडे बघायची आणि आत जायची.

"करून टाका ना सही," बायको म्हणाली.

"आधी बघतो तर खरं, आत काय चाललंय ते."

बघायचं म्हणजे ऐकायचं. मधली भिंत नावापुरतीच होती. सर थकलेल्या आवाजात, पण सावकाश आणि स्वच्छ बोलायचे. अधूनमधून खोकायचे. घड्याळजींचं लक्ष मात्र सरांच्या मागे चालणाऱ्या दुसऱ्या आवाजाकडे होतं. सरांच्या खोलीत लंबकाचं घड्याळ होतं आणि ते लंगडत होतं. एक ठोका लांब, एक आखूड.

"तिरकं टांगलंय," घड्याळजी स्वतःशीच पुटपुटले. "एवढे शिकलेले, आणि घड्याळ सरळ टांगता येत नाही."

सोमवारी तास सुरू होऊन वीस मिनिटं झाली आणि त्या घड्याळाने तासाचे ठोके दिले. घड्याळजींनी सवयीने मोजले. चार.

त्यांनी मनगटाकडे पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं. असेल चुकलेलं, ते म्हणाले. मंगळवारी ठोके अकरा पस्तीसला पडले. पुन्हा चारच. बुधवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी पाच पडले.

घड्याळजींनी चिमटा खाली ठेवला. चुकलेलं घड्याळही रोज साधारण एकाच मापाने चुकतं. पुढे पळेल, मागे पडेल, पण असं मनाला येईल तसं उड्या मारणार नाही. ठोके दुपारचे होते आणि तास सकाळचा. म्हणजे आत जे वाजत होतं, ते आत्ताचं नव्हतंच. पोरगी जुनं काहीतरी लावून ठेवते आणि आपण भलतंच करते. काय करते? कोणाशी बोलते? त्या रात्री त्यांना धड झोप लागली नाही. गुरुवारी अकराच्या सुमारास ते चपला न घालता दारापर्यंत गेले आणि त्यांनी दार एकदम ढकललं.

मुलगी वहीवर वाकून लिहीत होती. बाकी खोलीत काही नव्हतं. त्यामुळे घड्याळजींचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

"हा तास आत्ता चालू आहे?"

"हो, बाबा."

"कशावरून? यांच्या घड्याळात चार कसे वाजतात?"

मुलीने पेन खाली ठेवलं.

"बाबा, सर गेले."

"गेले म्हणजे? कुठे गेले?"

"वारले. साथीतच. तीन आठवडे झाले." तिने फोनचा आवाज कमी केला. "आजारी पडल्यावर त्यांनी राहिलेले सगळे धडे घरीच बोलून रेकॉर्ड करून ठेवले. दुपारी ताप जरा उतरायचा, तेव्हा. कॉलेज ते तासाच्या वेळेला लावतं. आम्ही सगळे अकराला येऊन बसतो."

"आणि हे मला सांगायचं नाही?"

"तुम्ही म्हणाला असतात, शिकवणाराच नाही तर कॉलेज कसलं."

अगदी हेच वाक्य घड्याळजींच्या जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. पण विश्वास? तो काही इतका स्वस्त नव्हता. मेलेल्या माणसाचं नाव घेतलं की समोरच्याचं तोंड आपोआप बंद होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. दुकानात कितीतरी जणांनी वडिलांची शेवटची आठवण म्हणून चोरीची घड्याळं पुढे केली होती.

"पत्ता दे त्यांचा."

मुलीने वहीचं पान फाडून लगेच पत्ता लिहून दिला. इतक्या लगेच दिला, याचाही त्यांना संशय आला.

"अहो, दुखवट्याच्या घरी तपासणीला जाणार तुम्ही?" बायकोने कपाळावर हात मारला. "जनाची नाही, निदान मनाची तरी ठेवा!"

शुक्रवारी ते गेले. तोंडावर मास्क, खिशात चिमटा आणि छोटा स्क्रूड्रायव्हर. जुनी इमारत होती, घर दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्याच्या वळणावरच त्यांचे पाय थबकले. वरच्या उघड्या दारातून आवाज येत होता. एक ठोका लांब, एक आखूड. तो आवाज त्यांनी हजार घड्याळांत ओळखला असता.

तिथूनच मागे फिरावं असं त्यांना वाटलं. जे तपासायचं होतं ते तपासून झालं होतं. पण वर दारात सरांच्या पत्नी उभ्या होत्या आणि त्यांनी विचारलं, "कोण हवंय?"

"वहिनी, मी घड्याळं दुरुस्त करतो," घड्याळजी म्हणाले. "तुमचं घड्याळ लंगडतंय असं कळलं."

"कोणी सांगितलं?"

"मुलीने." आयुष्यभर खोटं बोलणाऱ्यांना पकडलेल्या माणसाला खोटंही धड बोलता येईना.

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग बाजूला झाल्या. आत एका फळीवर दगड ओळीने मांडलेले होते, प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवलेली. वर घड्याळ. पलीकडे पलंग, त्यावर आता गादी नव्हती. घड्याळजींनी स्टुलावर चढून घड्याळाची पेटी बोटभर डावीकडे सरकवली, कान लावला, आणखी जराशी सरकवली. ठोके सरळ झाले. बिघाड काही नव्हताच.

"एवढंच होतं?" वहिनी म्हणाल्या. "हे म्हणायचे, सुट्टीत बघू." त्या पलंगाच्या कडेला बसल्या. "भाऊ, चाळीस मिनिटं बोलायचे आणि मग संध्याकाळभर धाप लागायची. मी म्हणायची, पुरे करा हो, कोण ऐकतंय? तर म्हणायचे, एक-दोघं ऐकतात. तेवढ्यांसाठी करतो."

घड्याळजींना 'कशावरून' विचारता आलं नाही. जिना उतरताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कठडा धरून ते थोडा वेळ उभेच राहिले.

शनिवारी अकराला पाच कमी असताना त्यांनी आतल्या खोलीचं दार वाजवलं. स्वतःच्या घरात दार वाजवायची ही त्यांची पहिलीच वेळ.

"मी बसू का?"

मुलीने पलंगावरची पुस्तकं बाजूला केली. फोनवर सर दिसले. गालफडं बसलेली, डोळे मात्र जागे. मागे घड्याळ लंगडत होतं. घड्याळजींचा हात आपसूक पुढे झाला आणि मांडीवर परत आला. तिकडे भिंतीवर ते कालपासून सरळ चालत असणार. इथे मात्र ते लंगडणारच होतं, आणि त्यावर कोणाकडेही इलाज नव्हता.

सरांनी एक काळा दगड हातात धरला. "हा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे," ते म्हणाले. खोकले, पाणी प्यायले आणि थेट समोर पाहून हसले. "आता मागच्या बाकावरची, घड्याळजींची मुलगी, विचारणार: कशावरून? पहिल्या दिवशी तिने असं विचारलं तेव्हा सगळा वर्ग हसला होता. हसू नका. ती म्हणाली होती, माझे बाबा उघडून आत बघितल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवत नाहीत. बरोबर करतात. आम्हीही दुसरं काही करत नाही. तुम्ही सगळे लिहून घेता, ती विचारते. ती विचारेल तेव्हा मी कदाचित समोर नसेन, म्हणून उत्तर आत्ताच देऊन ठेवतो."

मग ते दगडाचं वय कसं काढतात ते सांगू लागले. घड्याळजींना त्यातलं निम्मंही कळलं नाही. मुलगी लिहीत होती, वहीवर थेंब पडत होते, पुसत होती, लिहीत होती.

"फॉर्म कुठाय?" घड्याळजींनी विचारलं.

"तुमच्या टेबलावर. थांबा ना, बाबा, ऐकू दे."

ते उठून बाहेर गेले आणि फॉर्म घेऊन आले. डोळ्यांसमोर नेहमीपेक्षा जास्त धुकं होतं. मुलीने एका हाताने लिहिता लिहिता दुसऱ्या हाताचं बोट रेघेवर ठेवलं आणि त्यांनी तिथे सही केली.

फोनमधल्या घड्याळाने चार ठोके दिले. घड्याळजींनी ते मोजले, पण मनगटाकडे पाहिलं नाही.