खुर्चीवरच्याच पायात बूट

शहागडला हायवेवर ट्रक थांबतात, त्या जागेच्या मागच्या बाजूला पत्र्याचा एक मोठा मांडव आहे. दर रविवारी तो असा भरतो की बाहेर चपलांचा ढीग लागतो. प्रार्थनेला जाताना पायताण बाहेर काढायचं, देवाच्या माणसाला वाकून सलाम करायचा आणि प्रार्थना सुरू झाली की आमेन होईस्तोवर डोळे मिटायचे, ही आम्हा ख्रिस्ती लोकांची इकडची रीत. मीही जन्मभर तेच करत आलोय. माझं भांडण त्या रीतीशी नाही, हा मांडव चालवणाऱ्या प्रेषित शद्रख यांच्याशी आहे.

हे शद्रख मूळचे कुठले, कुणाला ठाऊक नाही. पांढरी सफारी, हातात माईक, आणि निम्मं बोलणं हिंदीत. "शैतान डाव्या पायात बसून राह्यलाय. मी बघतोय त्याला. तो भी मला बघतोय. घाबरलाय बराबर." लोक हालेलूया म्हणायचे. या शैतानाला दर रविवारी डावाच पाय कसा सापडतो, हे विचारायची सोय नव्हती.

त्या रविवारी खुर्चीवर माझी भाची बसली होती. प्रीती, नववीतली. तिला लहानपणापासून मधुमेह, रोज इन्सुलिनची सुई. तिची आई उषा माझी धाकटी बहीण. नवरा वारल्यापासून ती या मांडवाचीच झाली होती. मी जालन्याला शाळेत मास्तर; तिनेच मला तिथून बोलावलं होतं. "दादा, पोरीचं तारण होऊन राह्यलं, बिमारी जाऊन राह्यली. तुम्ही असायला पाह्यजे."

शद्रखांनी पोरीच्या टाचा धरून दोन्ही पाय उचलले. डावा बोटभर आखूड दिसला. बायका हळहळल्या.

"सगळ्यांनी डोळे मिटा. जो उघडंल, त्याच्या अविश्वासानं हिचं तारण अडंल."

सगळ्यांनी मिटले, मी नाही मिटले. मला एक गोष्ट खटकत होती. अख्खा मांडव अनवाणी, आणि खुर्चीवरच्या एकट्या पोरीच्या पायात बूट. तेही तिचे नव्हते. मांडवातल्या सेवकांनी आत दिलेले, चांगले ढगळ. पाय उचलताना शद्रखांनी उजवा बूट टाचेपासून बोटभर पुढे ओढला होता, म्हणून तो पाय लांब वाटला. आता प्रार्थनेचा आवाज चढला तसा त्यांनी अंगठ्याने तो बूट हळूच मागे सारला. आमेन. डोळे उघडले. दोन्ही पाय सारखे.

"पाय वाढला तशी शुगर भी गेली. आता सुई टोचली तर देवाला खोटं पाडलं म्हणून समजा."

उषाने इन्सुलिनची डबी स्वतःच्या हाताने व्यासपीठासमोर औषधं टाकायला ठेवलेल्या बादलीत टाकली.

मी उठून म्हणालो, "बूट काढून करून दाखवा." पण माईक त्यांच्याकडे होता. "मास्तर, देवानं नेमलेल्या माणसावर बोट उचलून राह्यले तुम्ही?" ढोलकी सुरू झाली, आणि दोन सेवकांनी मला दंडाला धरून चपलांपाशी आणून सोडलं.

उषाच्या घरी येऊन मी प्रीतीला माझे बूट घातले आणि उषाच्या डोळ्यांसमोर तिचा पाय लांब केला, आखूड केला, परत सारखा केला. प्रीती हसायला लागली. "आई, मला तिथंबी कळलं होतं बूट सरकल्याचं."

"मंग तवाच का न्हाई बोललीस?"

"प्रार्थना चालू होती ना."

उषाने बूट हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले. मला वाटलं, पटलं. मग ती म्हणाली, "तुम्ही हातानं केलं, दादा. त्यांच्या हातून प्रभूनं केलं. फरक हाय."

मी मेडिकलमधून इन्सुलिन घेऊन परतलो तर घराला कुलूप. प्रीतीला घेऊन ती मांडवात उपास-प्रार्थनेला बसली होती. सेवक म्हणाले, उपास सुटेपर्यंत आत कुणी नाही. पोलिसांना बोलावलं, तर उषाच दारात येऊन म्हणाली, "मी आई हाये तिची, राजीखुशीनं आले." जालन्याला आमच्या पाळकसाहेबांना फोन केला. म्हटलं, तुमचं तरी ऐकतील. ते म्हणाले, "औषध घ्यायलाच हवं. पण देवाच्या दुसऱ्या सेवकाविरुद्ध मी कसं बोलू?" भला माणूस, गप्प बसला.

मी दाराबाहेरच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी पोर ओकायला लागली, श्वास धापेवर गेला, तेव्हा मांडव उघडला. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. जालन्याला डॉक्टरांनी तिला तपासलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. अजूनही शाळेत नववीच्या वर्गावर जायचं माझ्या जिवावर येतं.

प्रीतीच्या दफनाला शद्रख आले. "प्रभू, आईची श्रद्धा जराशी कमी पडली, तिला माफ कर," म्हणाले. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मिटल्या डोळ्यांनी उषाने मान डोलावली.

पुढच्या रविवारी चपलांच्या ढिगात उषाच्या चपला मी ओळखल्या. दारातून दिसलं, खुर्चीवर एक म्हातारा बसला होता आणि सेवक त्याला तेच बूट चढवत होते. मी ओरडून सांगितलं. एका बाईने बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलं, प्रार्थना सुरू झाली होती.

माझं कुणी ऐकेल ही आशा मला आता राहिलेली नाही, तरी लिहून ठेवतो. देवापुढे डोळे खुशाल मिटा. पण कुणी तुमच्या लेकराला हात लावत असेल, तर तो कितीही मोठा देवाचा माणूस असो, तेवढा वेळ डोळे उघडे ठेवा. आणि सुई चुकवू नका.