माझे बांधलेले नाक

मी एक जुनी नेलगन आहे. मित्रांनो, हातोडी दहा घावांत जो खिळा बसवते, तो मी एकदा चाप ओढला की बसवते. मागे बॅटरी, पोटात खिळ्यांची पट्टी आणि पुढे आतबाहेर होणारे नाक, एवढाच माझा संसार. त्या नाकाबद्दल मात्र नीट ऐका. ते लाकडावर दाबले गेले तरच माझ्यातून खिळा सुटतो. हवेत धरून कितीही चाप ओढा, मी गप्प.

माझा पहिला मालक सुतार होता. हात सोन्याचा, पण स्वभाव उतावळा. त्याच्याबरोबर मी कितीतरी कपाटे आणि चौकटी केल्या. घरातली माणसे नव्या कपाटावरून हात फिरवून म्हणत, खिळा कुठे मारलाय तेच कळत नाही. ते ऐकून माझे पोट भरे. पुढे कामे वाढली आणि दर खिळ्याला नाक दाबत बसणे त्याच्या जिवावर येऊ लागले. एका सकाळी त्याने माझे नाक आत दाबून तारेने बांधून टाकले आणि वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली.

"आता बघ कशी पळतेस," तो मला म्हणाला.

मी पळाले. पण त्या दिवसापासून मी हवेतही खिळा सोडू लागले. दोन वर्षे काही झाले नाही, ते केवळ नशीब. मग त्याने नवे यंत्र घेतले आणि मला जुन्या अवजारांच्या दुकानात देऊन टाकले. तारेबद्दल बोलायचे तो विसरला.

गिऱ्हाईक आले की फळीवरची बाकीची अवजारे आपली निवड व्हावी म्हणून आसुसत. मी मनात घोकत असे, मला घेऊ नका.

एके दुपारी एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ आले. त्यांच्या वडिलांची नजर जवळजवळ गेली होती. खोलीपासून न्हाणीघरापर्यंतच्या बोळातल्या लाकडी भिंतीवर हाताच्या उंचीला एक पट्टी ठोकायची होती, म्हणजे त्यांना कुणाला हाक न मारता जाता आले असते. भावाला हवेच्या दाबावर चालणारी मोठी नेलगन आवडली. बहीण म्हणाली, तिच्यामागून पंप आणि नळीही घरात नांदायला येईल. दुसरी जाड खिळ्यांची होती. तिने पातळ पट्टी चिरली असती. मग दुकानदाराने मला पुढे केले.

"हलकी आहे रे," बहीण म्हणाली.

"पण ताई, हिला टेप कशाला गुंडाळलाय?"

पकड बसावी म्हणून असेल, असे दुकानदार म्हणाला. तो खोटे बोलला नाही. त्याला माहीतच नव्हते. माझा जीव मात्र टांगणीला लागला.

घरी वडील पट्टीचे दुसरे टोक धरायला उभेच राहिले. मुलाने बसा म्हटले, तर म्हणाले, "डोळे गेलेत, हात नाही गेले." बहिणीने खिळे भरले, बॅटरी बसवली आणि मला उचलून ती वळली. माझे तोंड थेट त्यांच्या छातीकडे. तिचे बोट चापावर. माझी बॅटरी याच क्षणी संपावी, असे मला वाटले.

"थांब," ते म्हणाले. "अवजार आधी हातात घ्यायचं, मग कामाला लावायचं. बॅटरी काढ आणि दे इकडे."

जन्मभर फर्निचरच्या कारखान्यात पाळलेली ती सवय होती. त्यांची बोटे माझ्या अंगावरून सावकाश फिरली, टेपवर थांबली आणि टेपखालचा तारेचा पीळ त्यांना लागला.

"हिचं नाक बांधलंय," ते म्हणाले. मग त्यांनी डावा हात पुढे केला. एका बोटाचे टोक नव्हते. "कारखान्यात मीही एकीचं असंच बांधलं होतं."

"बाबा, तुम्ही तर करवतीनं गेलं म्हणायचात."

"करवतीला बोलता येत नाही ना, म्हणून तिच्यावर ढकललं." ते हसले, पण थोडेच. "तेव्हा कसली घाई होती ते आता आठवतही नाही. बोट रोज आठवतं."

बहिणीने टेप सोलून काढला. भावाने पक्कड आणून तार कापली, आणि माझे नाक टक्कन बाहेर आले. बहिणीने बॅटरी लावून माझे तोंड रिकाम्या कोपऱ्याकडे धरले आणि चाप ओढला. मी गप्प राहिले. गप्प राहण्यात एवढे सुख असते, हे मी विसरूनच गेले होते.

आता मी त्याच बोळातल्या कपाटात असते. रोज सकाळी पट्टीवरून एक तळहात सरकत जातो, एकही हाक न मारता. त्याला माझा एकही खिळा टोचत नाही.

मित्रांनो, नवे असो वा जुने, कुठलेही अवजार घरी आणाल तेव्हा कामाच्या घाईत त्याला जुंपू नका. आम्हाला काय बांधले आहे, कुठे दुखते आहे, हे आम्हाला सांगता येत नाही. आधी बोटांनी विचारा.