पुरुषांच्या बाजूचं पाणी

हॉटेलच्या स्नानगृहाला दोन दारं: निळा पडदा पुरुषांचा, लाल पडदा बायकांचा. मी आमच्या ह्यांना निळ्या पडद्यापाशी नेऊन उभं केलं, हातात टॉवेल दिला आणि म्हटलं, "आधी अंग घासा, मग गरम पाण्यात उतरा. झालं की बाहेर बाकावर बसा. मी शेजारीच आहे."

"मला काय कुक्कुलं बाळ समजतेस, शिझुनो?"

इतकं सरळ वाक्य आणि वर माझं नाव! मी हरखून गेले. तिथेच चुकले.

माझे यजमान तोकुजी तीन वर्षांपासून एकेक गोष्ट विसरत चालले होते. लेक म्हणायची, "आई, बाबांना आता संस्थेत ठेवू या. तुझ्याने होत नाही." मी म्हणायचे, होतं. हट्टाने ह्यांना घेऊन इझुच्या किनाऱ्यावर, गरम झऱ्यांच्या गावी आले, ते गरम पाण्यासाठी नाही. लेकीला दाखवून द्यायला. हॉटेलात ह्यांच्या आजाराबद्दल चकार शब्द काढला नव्हता. काढला असता, तर मालकीणबाईंनी कमरेत वाकून, गोड गोड बोलून आम्हाला परत पाठवलं असतं.

मी कसंबसं अंग बुडवलं आणि बाहेर आले. हे बाकावर नव्हते. निळ्या पडद्यातून एक लालबुंद झालेला गृहस्थ बाहेर आला.

"आत कोणी नाही, आजी. मी एकटाच होतो."

त्या क्षणी मालकीणबाईंना हाक मारायला हवी होती. पण तेव्हाही अब्रू आड आली. ओल्या केसांनी तशीच रस्त्यावर धावले. सकाळची वेळ, सगळे पाहुणे फिरायला निघालेले, आणि सगळ्यांच्या अंगावर हॉटेलांचे तेच निळे-पांढरे झगे.

"एक म्हातारा पाहिलात का? हॉटेलच्या झग्यातला?" मासळी वाळत घालणाऱ्या बाईला मी विचारलं.

"आजी, इथे सगळेच म्हातारे आणि सगळेच झग्यात!" ती हसली. मग तिचं हसू थांबलं. "एक जण गेला खरा. झग्याची उजवी बाजू वर घेतलेली. मी ओरडले, 'अहो बाबा, तसं मेलेल्या माणसाला नेसवतात!' तर मला वाकून नमस्कार केला आणि गेला खाली समुद्राकडे."

झगा रोज मी नेसवते. आजच एकटं सोडलं होतं.

बंधाऱ्याखालच्या गोट्यांवर झग्याची नीट घडी घातलेली होती. हे फेब्रुवारीच्या समुद्रात मांड्यांपर्यंत उभे होते, गरम पाण्यात बसताना ठेवतात तशी डोक्यावर टॉवेलची घडी ठेवून. म्हणजे ह्यांच्या मते हे अजून हॉटेलच्या पाण्यातच होते.

"अहो! बाहेर या!" मी पाण्यात शिरले. थंडीने पाय कापल्यासारखे झाले.

हे वळले आणि दचकून दोन्ही हात अंगाशी धरले. "अहो बाई! ही पुरुषांची बाजू आहे!"

"अहो, मी आहे, शिझुनो!"

"लाज नाही वाटत? पलीकडे माझी बायको आहे!" म्हणत हे आणखी आत सरकले.

मी एक पाऊल पुढे टाकलं की हे एक पाऊल मागे जायचे. पाणी कमरेला लागलं, मग छातीला. जन्मभर सभ्यपणे वागलेला माणूस आता सभ्यपणेच बुडायला निघाला होता, आणि त्यांना बुडवत मीच होते. मी जागच्या जागी थांबले. अब्रू गेली खड्ड्यात, असं म्हणून जीव तोडून ओरडले, "कोणीतरी पुरुषमाणूस या हो! माझ्या नवऱ्याला काही कळत नाही!" मासळीवाली धावत येत होती, पण तीही बाईच. पुरुष एकही नाही.

मग मी पाठ फिरवली. ह्यांना तिथे सोडून बाहेर आले आणि बंधाऱ्याच्या मागे जाऊन बसले. तिथून हे दिसत नव्हते. यापेक्षा अवघड काही मी आयुष्यात केलेलं नाही.

आमच्या गल्लीतल्या सार्वजनिक स्नानगृहात बायकांच्या आणि पुरुषांच्या मधली भिंत छतापर्यंत नव्हती, वर उघडी असायची. हिवाळ्यात कोणी बाहेर कुडकुडत थांबायला नको म्हणून मी भिंतीवरून हाक मारायचे. सगळं स्नानगृह हसायचं. मी नाक पुसलं आणि त्याच आवाजात ओरडले,

"अहोऽऽ! मी निघतेय हं!"

नुसत्या लाटांचा आवाज.

"अहो, निघतेय मी! केस ओले आहेत माझे, ताटकळत ठेवू नका!" शेवटचे शब्द रडण्यातच गेले.

"अगं हो, आलो, आलो! तुझी आपली नेहमीची घाई!"

पाणी खळबळलं. गोटे वाजले. मी तोंडात बाही कोंबून बसून राहिले.

हे बंधाऱ्याला वळसा घालून आले, काळेनिळे ओठ, झगा कसाबसा गुंडाळलेला. मासळीवालीने आपला जाड कोट ह्यांच्या अंगावर टाकला. ह्यांनी मला पाहिलं, ओळखलंही. मघाशी पुरुषांच्या पाण्यात शिरलेली बाई म्हणून. तरी वाकून नमस्कार केला.

"बाई, रागाने बोललो, मनावर घेऊ नका. पण माझी बायको दिसली का हो इकडे? आत्ता हाक मारली तिने. केस ओले आहेत तिचे. गारठेल बिचारी."

"दिसली," मी म्हटलं. "पुढे गेलीय. चला, मी सोडते तुम्हाला."

तेव्हा कुठे त्यांनी मला हात धरू दिला.

हॉटेलात पोचल्यावर मालकीणबाईंना सगळं सांगितलं आणि लेकीला फोन केला. "तू म्हणतेस तसं कर," एवढंच बोलता आलं. हे दारातच उभे होते, आत येणाऱ्या प्रत्येक बाईकडे आशेने बघत.