उसने कान

“टकटक म्हणजे कशी? दारावरची की टेबलावर पेन्सिल आपटल्यासारखी?” बाबांनी विचारलं.

सुनेनं मोबाइल पुन्हा कानाला लावला. “पेन्सिलच. प्रत्येक टाक्याला एकदा.”

“मग सुई वाकलीय. लिही, सुई बदला.”

तिनं लिहिलं, आणि बाबा खुशीत चहाकडे वळले.

बाबांनी चाळीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केली होती. दुकान बंद झालं तेव्हा मुलानं त्यांना मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं. तिथे लोक बिघडलेल्या मशीनचा आवाज पाठवायचे आणि जाणकार फुकट इलाज सांगायचे. महिनाभरात बाबा तिथले ‘मशीनमामा’ झाले.

“दुकान होतं तेव्हा वेळेवर जेवायला यायचात,” मुलगा चिडवायचा. “आता फुकटचं काम, तर ताट निवतंय.”

“माहीत असून गप्प बसायचं म्हणजे शिक्षाच की रे!”

हे खरं होतं, पण अर्धंच. सकाळी उठून तोंड धुण्याआधी ते बघायचे, की कुणी ‘चालू झालं’ असं लिहिलंय का. तेवढ्या दोन शब्दांवर स्वारी दिवसभर हवेत असायची.

दीड वर्षापूर्वी त्यांचे कान गेले. यंत्र लावल्यावर समोरच्याचं बोलणं कळायचं, पण मोबाइलमधलं मशीन म्हणजे नुसता गोंगाट. तेव्हापासून ऐकायची सून आणि सांगायचे बाबा. ग्रुपला याचा पत्ता नव्हता. कळलं तर मशीनमामाला कोण विचारणार, या धास्तीनं त्यांनी सुनेकडून कुणाला न सांगण्याचा शब्दच घेतला होता.

टकटकवाली बाई शाळेचे गणवेश शिवायची. संध्याकाळी तिचा निरोप आला. सुनेनं तो वाचला आणि मोबाइल बाबांपुढे धरला. नवी सुई पहिल्याच टाक्याला मोडली होती. तुकडा उडून बाईच्या गालाला लागला होता, डोळ्याच्या खाली बोटभर अंतरावर.

वाचताच बाबांच्या लक्षात आलं. सुई वाकली नव्हतीच, खालचा, दोरा पकडणारा हूक सरकून सुईला लागत होता. दोन्ही आवाजांत फरक जेमतेम केसाएवढा, पण त्यांच्या जुन्या कानांनी तो झोपेतही ओळखला असता.

“माझंच चुकलं, बाबा. मी नीट ऐकलं नाही,” सून रडवेली झाली.

“वेडी की काय! तू कधी मशीनपाशी बसलीस? तुझे कान उसने घेऊन ऐट मारत होतो मी.”

“लिहू का, आवाज स्पष्ट आला नव्हता म्हणून?”

“नको. आण इकडे.”

एका बोटानं, अर्धा तास खपून त्यांनी लिहिलं: ‘ताई, चूक माझी. दीड वर्षापासून मला ऐकू येत नाही. सून ऐकून सांगते, तिचा दोष नाही. लाज वाटली म्हणून लपवलं. गालाला औषध लावा. मशीन जवळच्या कारागिराला दाखवा. माझी रजा समजा.’

मग मोबाइल उपडा ठेवून ते न जेवताच झोपले. सकाळी उठून आधी तोंड धुतलं. मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही. घरात सगळ्यांनाच ते खुपलं. शेवटी सुनेनंच तो त्यांच्या हातात दिला.

गणवेशवाल्या बाईनं व्हिडिओ पाठवला होता, आवाज बंद करून. सुईखालची पट्टी काढलेली, वरून टॉर्चचा उजेड, आणि ती मशीनचं चाक हातानं मुंगीच्या चालीनं फिरवत होती. खाली लिहिलं होतं: ‘मामा, गाल ठीक आहे. जवळ कारागीर असता तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता? आता बघून सांगा.’

बाबांनी चष्मा पुसला. दोनदा पुसला. सुई खाली गेली, वर यायला लागली, हुकाचं टोक फिरून आलं...

“थांब! थांब गं, इथेच!”

ते इतक्या मोठ्यानं ओरडले, की मुलगा आंघोळ अर्धवट टाकून बाहेर धावला.

हूक किती ढिला करायचा, कागदाच्या जाडीएवढा मागे कसा घ्यायचा, हे बाबांनी स्वतःच लिहिलं. दुपारी उत्तर आलं, ‘चालू झालं.’ सोबत चालत्या मशीनचा व्हिडिओ होता.

“मस्त चाललंय, बाबा,” सून म्हणाली. “आवाज कसा आहे, सांगू?”

“थांब जरा.”

त्यांनी आवाज पूर्ण वाढवला, मोबाइल तळहातावर ठेवला आणि दुसरा हात त्यावर झाकला. हाताला बारीक थरथर जाणवत होती, एकसारखी, कुठेही न अडखळणारी.

“नाही आता टकटक,” ते म्हणाले, आणि व्हिडिओ संपला तरी हात तसेच ठेवून बसून राहिले.