हिरव्या भुशाखालची वस्ती

मी एक जुना देखावा आहे, बालमित्रांनो. गणपतीपुढचा नाही की आमच्या खानदेशातल्या कानबाईदेवीपुढचाही नाही. मी एका अख्ख्या शहराचा देखावा आहे. जळगाव आणि धुळ्याच्या मध्ये, हमरस्त्यालगत आमचं गाव आहे. नाव सांगत नाही; सांगून कुणाचं भलं व्हायचंय? सध्या नगरपरिषदेच्या मागच्या कोठीत भिंतीला टेकवून ठेवलंय मला. एका बाजूला मोडक्या खुर्च्या, दुसऱ्या बाजूला धूरफवारणीचं बंद पडलेलं मशीन. उंदरांनी माझं बसस्टँड खाल्लं. खाऊ द्या मेल्यांना. माझं दुखणं वेगळंच आहे, आणि ते ऐकायला इथे तुमच्याशिवाय कोणी नाही.

मला हिलाल आबांनी घडवलं. आबा म्हणजे गावातल्या सगळ्या मंडळांचे देखाव्यांचे कारागीर. त्या वर्षी नगरपरिषदेत दिपमाला मॅडम मुख्याधिकारी म्हणून आल्या होत्या. तरुण, कामाच्या, आणि खरं सांगतो, मनानं चांगल्या. आणखी वीस वर्षांनी आपलं शहर कसं असावं ते लोकांनीच ठरवावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यासाठी पुण्याहून सल्लागार आले. त्यांनी भिंतीवर रंगीत चित्रं दाखवली, पण लोकांना काही कळेना. आपलं घर कोणतं, मारुतीचं देऊळ कुठे, तेच सापडेना. तेव्हा मॅडमनी आबांना बोलावलं आणि म्हणाल्या, लोकांना बोट ठेवता येईल असं काहीतरी करा.

आबांनी जीव ओतला हो माझ्यात. प्लायवूडच्या फळीवर प्लास्टर, दाळमिलच्या चिमण्या वहीच्या पुठ्ठ्याच्या, केळीचे बाग हिरव्या लोकरीचे. आणि नाल्याकाठची वस्ती काड्यापेट्यांची. पत्र्याच्या जागी त्यांनी चॉकलेटची चांदी लावली. बाजारच्या गोंदावर आबांचा भरवसा नव्हता. कानबाईच्या सजावटीत वापरतात तीच मैद्याची खळ शिजवून त्यांनी एकेक घर चिकटवलं. हे खळीचं ध्यानात ठेवा, कारण पुढे तिनंच घात केला.

मला सभागृहात मांडलं आणि लोकांची रीघ लागली. अहाहा, काय दिवस होते! जो येई तो आधी स्वतःचं घर शोधी आणि सापडलं की उगाच हसे. ज्याला जे हवं त्यानं तिथे टाचणी टोचायची, असं मॅडमनी ठरवलं होतं. दिव्यासाठी पिवळी, रस्त्यासाठी काळी, पाण्यासाठी निळी. सोनारगल्लीच्या शेठनी पार्किंग मागितलं. निवृत्त मास्तरांनी वाचनालय मागितलं. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन नगरसेवक माझ्यावर वाकून एकाच गटारीवरून भांडले, आणि त्या भांडणात त्यांचा वर्षांचा अबोला मोडला. मला वाटलं, आपण काहीतरी मोठं करतोय.

मग एका बैठकीला दगडीबाई आली. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव सोडून पंधरा-वीस वर्षांपूर्वी ती इथे आली आणि दाळमिलमध्ये डाळ निवडायला लागली. नाल्याकाठच्या वस्तीत तिचं घर. वस्तीत नळ नव्हता. बाया दोन हंडे घेऊन पेट्रोलपंपापर्यंत जायच्या. तिच्याबरोबर वस्तीतल्या आणखी बाया होत्या, सगळ्या दाराशीच अंग चोरून उभ्या. आबांनी हात धरून तिला माझ्यापाशी आणलं आणि एका काड्यापेटीवर बोट ठेवलं.

"आम्हले बी मांडेल शे आठे?" ती म्हणाली.

आबा म्हणाले, सगळ्यांना इथे मांडलंय, तर तुम्हाला का नाही? तिनं पदरानं डोळे पुसले. मित्रांनो, सरकारी इमारतीत तिचं घर तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं. तिनं निळी टाचणी घेतली आणि आपल्या दारापुढे टोचली. एका नळापलीकडे त्या बायांनी काहीच मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या परत आल्या. पायथ्याकडच्या त्यांच्या गावांत एक रीत होती. नव्या विहिरीची जागा ठरली की बाया त्या जागेवर कुंकू वाहायच्या आणि तांब्यानं पाणी ओतायच्या. जमिनीला आधी पाणी दाखवलं की मग ती पाणी देते, अशी त्यांची श्रद्धा. आता नळाची जागा ठरली, तेही मॅडमसमोर, मग पाणी दाखवायला नको? सभागृह रिकामं होतं, शिपाई नवल चहाला गेला होता. दगडीबाईनं निळ्या टाचणीपाशी कुंकू वाहिलं, हात जोडले आणि पेट्रोलपंपावरून भरून आणलेला तांब्या माझ्यावर ओतला.

मी आतून ओरडत होतो, अगं बाई, मी माती नाही, खळ आणि पुठ्ठा आहे मी! पण देखाव्याला कुठली वाचा? त्या समाधानानं निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत खळ सुटली, काड्यापेट्या फुगल्या आणि नाल्याकाठची सगळी वस्ती एकमेकांवर कलंडली.

नवलनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सकाळी जिल्ह्याचे मोठे साहेब मला बघायला येणार होते. मॅडम मीटिंगला जळगावला. आबा पहूरला, लेकीकडे. ते दोन दिवसांनी येणार होते. दोन दिवस थांबलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? पण नवलनं गल्लीतल्या गिरधर पेंटरला धरून आणलं. गिरधरजवळ ना वेळ, ना काड्यापेट्या. त्यानं ओली घरं खरवडून काढली, त्यांच्याबरोबर निळी टाचणीही गेली, आणि त्या जागी हिरव्या रंगात भिजवलेला लाकडाचा भुसा पसरला. वर स्पंजची चार झाडं लावली. कुणाचं वाईट करायचं त्याच्या मनातसुद्धा नव्हतं. भोक बुजवायचं होतं, ते त्यानं बुजवलं.

साहेब आले, माझ्याभोवती फिरले आणि नेमके तिथेच थांबले. नाल्याकाठी उद्यान, फारच सुंदर कल्पना, म्हणाले. टाळ्या पडल्या. मॅडमना वाटलं, एखाद्या बैठकीत लोकांनी सुचवलं असेल. पुण्याच्या सल्लागारांना वाटलं, मॅडमनी सुचवलं असेल. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय! माझा फोटो काढला गेला, चौकाचौकात त्याचे फलक लागले: 'आपलं शहर, आपलं स्वप्न'. सभेत मंजुरीही मिळाली. आबा पहूरहून परतले तोवर माझ्यावर काच बसवून कुलूप लावलं होतं. ते दोनदा सांगायला आले आणि दोन्ही वेळा बाहेरच्या बाकावर बसून परत गेले.

त्या जागी माणसं राहतात हे कुणालाच माहीत नव्हतं, असं थोडंच आहे? पण सरकारदरबारी ती घरं अतिक्रमण होती, आणि माझ्यावर तर ती उरलीच नव्हती. एका सकाळी वस्तीवर जेसीबी गेला.

त्याच दुपारी दगडीबाई सभागृहात आली. अंगावर धूळ, हातात काही नाही. मॅडमनी तिला खुर्ची दिली, पण ती बसली नाही. ती सरळ माझ्यापाशी आली. मॅडमनी स्वतः कुलूप काढलं, काच उचलली. दगडीबाईनं हिरव्या भुशावर हात फिरवला, पुन्हा फिरवला. मग कमरेच्या पिशवीतून तिनं काड्यापेटी काढली, तिच्या चुलीवरची, आणि भुशावर नीट, दार नाल्याकडे करून ठेवली.

"हाई मन्हं घर शे," ती म्हणाली. "आठेच व्हतं."

मॅडमनी भुसा बोटानं थोडा बाजूला केला. खाली खळीचे चौकोनी डाग होते, एकाला एक लागून. त्यांनी एका डागावर बोट ठेवलं. मला वाटलं, आता बोलतील. आता तरी कुणी बोलेल.

"अक्का," त्या हळूच म्हणाल्या, "हे सगळ्यांनी मिळून ठरवलंय. तुम्हीसुद्धा आला होतात ना बैठकीला?"

दगडीबाईनं मान हलवली. आली होती ती, खोटं कसं बोलणार? ती जशी आली तशी निघून गेली. त्या बाया आता कुठे आहेत, मला माहीत नाही. मॅडमची पुढे बदली झाली. उद्यानही झालं नाही. तिथे तारेचं कुंपण आहे आणि आत वेड्या बाभळी. तेवढ्यासाठी घरं गेली.

संध्याकाळी नवल काच लावायला आला. त्यानं काड्यापेटी उचलली, कानाशी हलवली. आत काड्या वाजल्या. त्यानं एक ओढून बिडी पेटवली आणि पेटी खिशात टाकली.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका, माझं काही राहिलेलं नाही. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही गावात सगळे जमतील, कुणीतरी माझ्यासारखा देखावा मांडेल. तेव्हा हिरवी जागा दिसली की टाळ्या वाजवण्याआधी तिच्यावरून एकदा हात फिरवा. आणि खाली डाग लागले, तर गप्प राहू नका. मी गप्प होतो, कारण मला तोंड नव्हतं.