सतराच्या पाढ्याने पळालेलं भूत

शिवणकारखान्यात काजं करणारी बाई पुन्हा कोसळली आणि सगळी मशीनं थांबली. मालकाने बोलावलेले मांत्रिक महाराज तांब्या घेऊन आले, पाण्यावर काहीबाही पुटपुटले, चार घोट तिला पाजले. ती उठून बसली. बायकांनी हात जोडले, मालकाने तर डोळेच पुसले. अधूनमधून कुणीतरी अशी पडायची, आणि महाराजांशिवाय तिला कुणी उठवू शकत नाही अशी सर्वांची खात्री होती.

या वेळी महाराजांनी निदानही सांगून टाकलं. भूत काजवालीच्या अंगात आहे, ती गेली की तेही जाईल. इतर ठिकाणी भुताला हाकलतात, इथे बाईलाच हाकलायचं ठरलं. तिच्या घरात कमावणारी ती एकटी, पण मालकाने तिला शनिवारपर्यंतचीच मुदत दिली.

हे ऐकून मालकाच्या मावशीचं टाळकंच सरकलं. तिने जन्मभर मानवशास्त्र शिकवलेलं. भाच्याच्या लेखी ते कवट्या मोजायचं शास्त्र.

"माणसांत बसून माणसं बघायचं शास्त्र आहे ते," मावशी म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी काजवालीशेजारी स्टूल टाकून धागे कातरायला बसली. शेजारी इस्त्रीची टेबलं, जीव नुसता उकडून निघत होता. मावशी पाणी प्यायला उठली तशी काजवालीने तिचा हात धरला.

"मावशी, पाणी नका पिऊ. मग फळी घ्यावी लागते."

संडासला जायचं तर मुकादमाच्या टेबलावरची लाल फळी हातात धरून कापड कापणाऱ्या पुरुषांसमोरून जावं लागे. ते खाकरत, हसत. मालकाला ही शिस्त वाटे. बायकांनी त्यावर सोपा तोडगा काढला होता, दिवसभर पाणीच प्यायचं नाही. मावशीने त्या दिवसापासून काजवालीला पाणी पाजलं आणि फळी स्वतःच्या काखेत मारून तिच्यासोबत गेली. इतरांना तेवढा धीर झाला नाही.

शनिवारी महाराज आले तेव्हा मावशी खुशाल स्टुलावरून घरंगळली. नाटक झकास वठलं. महाराजांनी मोठ्या करुणेने तांब्या तिच्या तोंडाला लावला. मावशीने ओठ चाटले. पाण्यात चक्क साखर आणि मीठ होतं.

तेवढ्यात कॉलर शिवणारी खरोखरच पडली. काजवाली मात्र इस्त्रीजवळ ठणठणीत उभी. भूत उडी मारून तिकडे गेलं, असं महाराजांनी लगेच जाहीर केलं. मावशीने कॉलरवालीचे पाय उंच केले, तिने डोळे उघडताच साखर-मिठाचं पाणी ढवळलं आणि घोटाघोटाने पाजत गंभीरपणे सतराचा पाढा म्हटला. पाढा संपून थोड्या वेळात ती उठून बसली.

महाराज म्हणाले, पाढ्यातही मंत्रशक्ती असतेच.

"मग अठराचा तुम्ही म्हणा," मावशी म्हणाली.

महाराजांना अठराचा येत नव्हता. बायका खुदखुदल्या आणि महाराजांना अचानक दुसरीकडचं काम आठवलं.

भाच्याची समजूत अजून पटेना. मावशीने लाल फळी त्याच्या हातात दिली आणि संडासापर्यंत जाऊन यायला सांगितलं. तो निघाला. अर्ध्या वाटेत कुणीतरी खाकरलं आणि मालकाचे कान लाल झाले. परत येऊन त्याने फळी गुडघ्यावर मोडली. काजवालीला म्हणाला, "सोमवारी वेळेवर या." त्याला तिच्याकडे बघायचीही लाज वाटत होती.

तेव्हा मंडळी, कुणी कोसळलं तर मांत्रिक शोधू नका. डॉक्टरला बोलवा. मग शेजारी बसा आणि विचारा, बाई, तू पाणी का पीत नाहीस? आणि उत्तर ऐकून घ्यायची तयारी ठेवा, त्यात तुमचंच नाव असू शकतं.