चुलीवरची तुळई

माझ्या जिभंला हाड न्हाय, असं आमच्या आत्याबाई आख्ख्या आळीला सांगायच्या. आत्याबाई म्हंजी माझी सासू, बजाबाई. सांगू द्या. त्या तरी कुटं कमी व्हत्या? सोलापुरात मिलचा भोंगा एखांद दिवस चुकंल, पर त्यांचं तोंड चुकायचं न्हाय.

तीस साली सोलापुरातला मार्शल लॉ उठला, त्या पावसाळ्यातली गोष्ट. वैरागला म्हायेरी बाळंत होऊन मी पोराला घेऊन आले व्हते. दुसऱ्या दिवसापासनं मला मिलमधी कामाला जायचं व्हतं, पोर दिवसभर सासूपाशी ऱ्हाणार. म्हणून झोळी आजच बांधायची, आन् कुटं बांधायची ह्यावरनं सकाळधरनं धुसफूस चाललेली.

घर दोन खणांचं, वर मातीचं सपाट माळवद. आतल्या खणात चूल. तिच्याजवळच्या तुळईला झुलून आत्याबाईंची पाच पोरं वाढलेली. हातानं भाकरी थापायची, पायानं झोळीची दोरी वढायची, असं त्यांचं गणित. माझी पयली दोन लेकरं बी तितंच झुलली. दोन्ही वरीस भरायच्या आत गेली. छाती घरघरायची, खोकून खोकून निळी पडायची. सटवीनं लिवलं ते कुणाला पुसायचं, असं आत्याबाई म्हणायच्या. मला मातुर धुराचा संशय व्हता. हे तिसरं. हे गेलं असतं तर मी जगले नसते, खरं सांगते.

मी म्हनलं, झोळी भायेरच्या खणात दाराजवळ बांधा. त्या म्हणाल्या, येणाऱ्याजाणाऱ्या बाया डोकावून दृष्ट लावतील, आन् चुलीपास्नं मी किती उठबस करू? आमचे मालक, कुंडलिक, हातात कासरा घिऊन मधी हुबे. त्यांचं धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. शेवटी आईचं ऐकून त्यांनी चुलीपाशीच गाठ मारली.

आत्याबाईंनी पोराला घ्यायला हात पुढं केले. मी पोर छातीशी घट्ट धरलं.

"धुरानं माझी दोन गेली. तिसरं मी देत न्हाय."

आत्याबाईंचं तोंड उतरलं, मग लालबुंद झालं. सारा जलम ह्या चुलीपुढं गेला, मला काय झालं न्हाय, आन् तू मला लेकरांची मारेकरीण म्हणतीस व्हय, असं म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं.

"मग तुमीच निजा की झोळीत," मी म्हनलं. "भाकरी मी करते."

मालक म्हणाले, वच्छला, तोंड आवर. पर म्हातारी इरेला पेटली. अंगानं चिपाड, पाटावर चढली आन् लुगड्याच्या झोळीत आडवी झाली. मी पोराला मालकांकडं देऊन भायेर धाडलं, चुलीत रोजच्याच गवऱ्या घातल्या. पावसाळी गवऱ्या त्या, धूर उठला. मी खाली बसलेली, माझं निस्तं डोळं चुरचुरलं. धूर माझ्या डोक्यावरनं गेला आन् तुळईखाली साचला. माळवदाला भोक व्हतं, पर तितनं निघायची त्याला घाई न्हवती. झोळी नेमकी त्या धुरात.

दुसरी भाकरी तव्यावर पडली आन् वरनं खोकला सुरू झाला. मी म्हनलं, उतरा आता. त्यांनी झोळीची कड आणखीच घट्ट धरली. माझा राग कवाच उतरला व्हता, आता भ्या वाटाय लागलं. जीव गेला तरी त्या हार मानायच्या न्हाईत, हे मला ठावं व्हतं. मी तवा तसाच टाकून उठले, त्यांना झोळीतनं वढून काढलं आन् दारात आणून बसवलं.

लई येळ खोकल्या. डोळ्यांचं पाणी पुसलं बी न्हाय. मग आत गेल्या, आपल्याच हातानं गाठ सोडली आन् कासरा दाराजवळच्या तुळईखाली आणून टाकला. पोराकडं बघत बारीक आवाजात म्हणाल्या,

"वच्छे, ती दोघं बी अशीच खोकायची का गं?"

हुबेहूब अशीच. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"न्हाय, आत्याबाई. तुमचं वय झालंय म्हणून."

तेवढंच एकदा मी त्यांच्याशी खोटं बोलले, आन् ते त्यांना कळलं.